कमीत कमी कुणाचे, जास्तीत जास्त कुणाचे?

गळिताचा हंगाम सुरू झाला, की टेंभुर्णी परिसरात माणसे भेटल्यावर एकमेकांना 'काय चाललंय?' असे विचारत नाहीत. 'तोड आली का?' असे विचारतात. उजनीचे पाणी शिवारात आले आणि माढा तालुक्याचा हा ज्वारीचा पट्टा बघता बघता उसाचा झाला. पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना आमच्याच तालुक्यातला. साऱ्या सोलापूर जिल्ह्यात मिळून तीसच्या वर कारखाने. डिसेंबर-जानेवारीत पुणे-सोलापूर हमरस्त्यावरून कुर्डुवाडी, करमाळा, पंढरपूर आणि अकलूजकडे फुटणाऱ्या वाटांवर ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या डुलत जाताना दिसतात. बाहेरगावच्या माणसाला त्यात नुसता ऊस दिसतो. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, त्यामुळे मला त्यात एक भले मोठे गणित दिसते. आणि हे गणित कोण मांडतो, कसे मांडतो, यावर हजारो घरांचे वर्षाचे उत्पन्न ठरते, असे माझे म्हणणे आहे.

गणित असे. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिन्यांत पक्व होतो, सुरू ऊस बाराएक महिन्यांत. वेळेच्या आधी तोडला तर साखर कमी, वेळ टळली तर तुरा येतो, ऊस पोकळ पडतो, वजन घटते. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. उन्हात पडून राहिला तर त्यातले वजनही जाते आणि साखरही. कारखान्याला वाटते, आपली चाके एक तासही थांबू नयेत. वाहतूकदाराला जवळचे फड हवेत. टोळीला एका शिवारातले फड सलग हवेत, म्हणजे रोज कोप मोडून दुसरीकडे न्यायला नको. शेतकऱ्याला रान लवकर मोकळे हवे, म्हणजे गव्हाची नाहीतर हरभऱ्याची पेर साधेल. कुणाच्या घरी मुलीचे लग्न ठरलेले असते आणि बिल त्याआधी हवे असते. सगळ्यांचे म्हणणे रास्त, आणि सगळ्यांचे एकाच वेळी पुरे होणे अशक्य. मग त्यातल्या त्यात बरे काय, हे ठरवायचे. गणितात याला 'इष्टतमीकरण' असे जडजंबाल नाव आहे. साध्या मराठीत सांगायचे तर, कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त पदरात कसे पडेल याचा हिशेब.

हा हिशेब आपल्या घराघरांत रोज चालतो. एक उदाहरण घेऊ. समजा, चार बायकांचा बचत गट आहे. त्या सोलापुरी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी करून विकतात. चौघींच्या कामाचे मिळून दिवसाला २४ तास आहेत. एक किलो चटणीला अर्धा तास लागतो आणि ४० रुपये सुटतात. दहा भाकरींच्या एका पुड्याला एक तास लागतो आणि ६० रुपये सुटतात. दाणे आहेत फक्त ३० किलो चटणीपुरते, आणि चुलीवर दिवसात १५ पुड्यांहून जास्त भाकरी निघत नाहीत. काय किती करावे? पुड्याला साठ रुपये सुटतात म्हणून कुणीही म्हणेल, आधी भाकरी करा. तसे केले तर १५ पुड्यांचे ९०० रुपये, उरलेल्या नऊ तासांत १८ किलो चटणीचे ७२०, एकूण १,६२०. उलट केले, म्हणजे आधी ३० किलो चटणी आणि उरलेल्या नऊ तासांत नऊ पुडे, तर १,२०० अधिक ५४०, म्हणजे १,७४० रुपये. कष्ट तेवढेच, मिळकत १२० रुपयांनी जास्त. कारण इथे अपुरी आहे ती वेळ. आणि तासाच्या हिशेबात चटणी ८० रुपये देते, भाकरी ६०. कुठली गोष्ट अपुरी आहे ते आधी ओळखा, मग तिच्या मापाने बाकीचे मोजा, हा या शास्त्राचा पहिला धडा. त्यासाठी पदवी लागत नाही.

चार बायकांचा हिशेब कागदावर होतो. पण चारशे टोळ्या, हजारो फड आणि शेकडो वाहने आली की कागद पुरत नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला या प्रश्नाने जगातल्या मोठ्या माणसांना कामाला लावले. १९३८ साली लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे प्लायवूड उद्योगातला प्रश्न आला, की कुठल्या यंत्रावर कुठला माल किती वेळ कापावा, म्हणजे उत्पादन सर्वांत जास्त निघेल? त्यातून त्यांनी या गणिताचा पाया घातला. पुढे १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९४७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी अशी गणिते सोडवण्याची 'सिम्प्लेक्स' नावाची रीत काढली आणि ती जगभर पसरली.

तिसरे नाव आपल्या घरचे आहे. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीतून १९७८ साली बाहेर पडलेले नरेंद्र करमरकर. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी ही गणिते सोडवण्याची अगदी वेगळी वाट दाखवली. डँट्झिग आणि करमरकर यांच्यातला फरक आमच्या भागातल्या माणसाला चटकन समजेल. मोठे शिवार आहे, त्याच्या कुठल्यातरी एका कोपऱ्यावर विहीर आहे, पण कुठल्या ते ठाऊक नाही. डँट्झिग यांची रीत म्हणजे बांधाबांधाने चालायचे. एका कोपऱ्यावरून पुढच्या, त्याहून बऱ्या कोपऱ्यावर जायचे, आणि पुढे बरा कोपरा उरला नाही की थांबायचे. बहुधा हे लवकर जमते, पण शिवार वेडेवाकडे असेल तर बांधांची संख्या संपता संपत नाही. करमरकर म्हणाले, बांध सोडा, रानातून मधून चला. कुठे उभे आहोत त्याप्रमाणे दर पावलाला दिशा नीट करून घ्या. शिवार कितीही वाढले तरी पावलांची संख्या हाताबाहेर जात नाही, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले. तसे सिद्ध करणारी एक रीत १९७९ मध्ये खाचियान या सोव्हिएत गणितज्ञाने दिली होती; पण ती प्रत्यक्षात फार संथ निघाली. करमरकरांची वाट सिद्धांतातही भक्कम आणि व्यवहारातही वेगवान. नोव्हेंबर १९८४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

या गोष्टीला एक कडू शेपूट आहे. करमरकर ज्या कंपनीत होते तिने या रीतीवर पेटंट मागितले आणि १९८८ मध्ये ते मिळालेही. गणितावर मालकी सांगता येते का, असा वाद त्यावरून जगभर पेटला. ते पेटंट २००६ मध्ये संपले. आपल्या देशाने मात्र याबाबत शहाणपणा दाखवला आहे. भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३(के) सांगते, की गणिती रीत किंवा अल्गोरिदम हा शोध म्हणून पेटंटला पात्र नाही. बेरीज-वजाबाकी जशी कुणाच्या बापाची नाही, तशी ही वाटही सर्वांची आहे. ती सर्वांची असेल तर सर्वांना चालता आली पाहिजे, आणि या लेखाचा खटाटोप त्यासाठीच आहे.

कुणी म्हणेल, हे सगळे परदेशात. नाही. टेंभुर्णीपासून वीसेक किलोमीटरवरच्या कुर्डुवाडीला जाऊन या. तिथून १८९७ मध्ये बार्शीपर्यंत धावू लागलेली बार्शी लाइट रेल्वे हे असल्या हिशेबाचे उत्तम उदाहरण होते. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनिअरपुढे पैसा थोडा होता. रूळ हलके घेतले तर खर्च वाचणार, पण हलका रूळ जास्त भार पेलणार नाही. त्याने ठरवले, इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, आणि भार सगळ्या आसांवर सारखा वाटायचा. अडीच फूट रुंदीच्या, दिसायला खेळण्यासारख्या रुळांवरून त्याने भरपूर माल नेऊन दाखवला. पुढे १९०६ मध्ये ही गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. अट आधी पक्की करायची आणि अटीच्या आत राहून जास्तीत जास्त मिळवायचे, हे त्याचे सूत्र. अट आणि खर्च या दोन शब्दांतला फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

आता रस्त्यांकडे वळू. टेंभुर्णी हा एक ठिपका काढा. इंदापूर, मोहोळ, कुर्डुवाडी, करमाळा, पंढरपूर, अकलूज हे आणखी ठिपके. त्यांना जोडणाऱ्या रेघा मारा. झाला आलेख. गणितात 'ग्राफ' म्हणतात तो हाच. ठिपक्याचा आकार, रेघेचे वळण याला महत्त्व नाही; कोण कुणाशी जोडलेले आहे एवढेच महत्त्वाचे. या विद्येचा आरंभ १७३६ साली लेओनार्ड ऑयलर याने केला. कोनिग्सबर्ग गावातले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का, असा लोकांचा प्रश्न होता. ऑयलरने उत्तर दिले, नाही. कारण ज्या ठिकाणी विषम संख्येने पूल मिळतात तिथून प्रवास सुरू तरी व्हावा लागतो किंवा संपावा तरी लागतो, आणि अशी ठिकाणे दोनपेक्षा जास्त असतील तर फेरी जमणार नाही. घरातल्या मुलांना कागदावर हात न उचलता आकृती काढायला सांगतो ना आपण, ते कोडे हेच.

त्यानंतरची एक गोष्ट तर चहाच्या टेबलावरची आहे. १९५६ मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा हा तरुण आपल्या वाग्दत्त वधूबरोबर अॅमस्टरडॅममध्ये खरेदीला गेला होता. दमून दोघे एका कॅफेत बसले. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा सर्वांत जवळचा रस्ता यंत्राने कसा शोधावा, हे त्याने कागद-पेन्सिलीशिवाय वीस मिनिटांत मनातल्या मनात सोडवले. रीत साधी आहे. निघालेल्या ठिकाणापासून सर्वांत जवळचे गाव पक्के करा, तिथून पुढच्या गावांची अंतरे नव्याने मांडा, उरलेल्यांतले सर्वांत जवळचे पक्के करा, असे करत मुक्कामापर्यंत जा. आज खिशातल्या फोनवर नकाशा रस्ता दाखवतो, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे असे सोपे. पण एका टोळीने दहा फड कुठल्या क्रमाने तोडावेत? दहा फडांचे क्रम होतात ३६,२८,८००. वीस फड घेतले तर क्रमांची संख्या एकोणीस आकडी होते. एखाद्या यंत्राने सेकंदाला एक कोटी क्रम तपासले तरी सगळे तपासायला सुमारे ७,७०० वर्षे लागतील. म्हणून अशा प्रश्नांत सर्वोत्तम उत्तराचा हट्ट सोडून 'पुरेसे चांगले' उत्तर शोधण्याच्या युक्त्या वापरतात. तेव्हा 'कॉम्प्युटरनेच क्रम लावलाय, आता बदल नाही' असे कुणी सांगितले तर दबून जाऊ नये. कॉम्प्युटरने लावलेला क्रम हा बहुतेक वेळा अनेक बऱ्या क्रमांपैकी एक असतो. दुसरा जवळपास तितकाच बरा आणि तुम्हाला न्याय देणारा क्रम असू शकतो.

आलेखांच्या या प्रांतातही एक मराठी नाव जगाच्या पुस्तकात आहे. सागरला जन्मलेले, नागपुरात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभाग घडवणारे शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. सोळा बिंदूंचा, प्रत्येक बिंदू इतर सहांशी जोडलेला 'श्रीखंडे आलेख' त्यांच्या नावाने ओळखला जातो. ऑयलरने १७८२ मध्ये केलेले एक भाकीत पावणेदोनशे वर्षे कुणाला खोडता आले नव्हते. ते १९५९ मध्ये राजचंद्र बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी खोडून काढले आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर त्याही बातमीला जागा मिळाली. हे भाकीत लॅटिन चौरसांबद्दलचे होते. असे चौरस शेतीच्या प्रयोगांत वापरतात. पिकाचा प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रांगेत एकदाच येईल अशी वाफ्यांची मांडणी करायची, म्हणजे जमिनीच्या कसातल्या फरकामुळे कुठल्याही वाणावर अन्याय होत नाही. करमरकर आणि श्रीखंडे, दोघांचेही काम थेट आपल्या बांधाशी येऊन भिडते. तरीही आमच्या शाळांतल्या किती भिंतींवर त्यांची चित्रे आहेत?

तिसरी गोष्ट आकुंचनाची, म्हणजे माहिती थोडक्या जागेत बसवण्याची. हे तर मराठी माणसाने पिढ्यानपिढ्या केले आहे. 'सा. न. वि. वि.' ही चार अक्षरे लिहिली, की 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे आपोआप वाचले जाई. लग्नपत्रिकेवर 'चि. सौ. कां.' आजही असते. जे वारंवार येते त्याला आखूड खूण, जे क्वचित येते ते पुरते लिहायचे. शुभेच्छांच्या तारांतही हेच होते. ठरलेल्या वाक्यांना क्रमांक दिलेले असत. आपण क्रमांक द्यायचा, पलीकडे पुरे वाक्य छापून मिळायचे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तत्त्व जिवंत आहे. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याला प्राध्यापकांनी मुभा दिली होती, की परीक्षा द्या नाहीतर एक प्रश्न सोडवून निबंध लिहा. त्याने प्रश्न निवडला आणि १९५२ मध्ये छापून आलेल्या त्या उत्तराने 'वारंवार येणाऱ्याला आखूड खूण' देण्याची सर्वांत काटकसरीची रीत जगाला मिळाली. आपण फोनवरून फोटो पाठवतो तेव्हा तिचे कुठले ना कुठले रूप आत काम करत असते.

पण इथेही विचारायला हवे, की वारंवार येणारे म्हणजे कुणाच्या लिखाणात वारंवार येणारे? 'टेंभुर्णी' हे नाव रोमन लिपीत लिहिले तर नऊ अक्षरे होतात आणि संगणकात सर्रास चालणाऱ्या पद्धतीत नऊ बाइट जागा लागते. देवनागरीत लिहिले तर काना-मात्रा-अनुस्वार-हलंत धरून नऊच चिन्हे होतात. पण प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण सत्तावीस. तेच गाव, तेच नाव, तिप्पट जागा. एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरे बसतात, मराठी चिन्हे ७०. हल्ली माणसाशी बोलणारी यंत्रे आली आहेत. ती वाक्याचे तुकडे करून समजून घेतात आणि कुठले तुकडे एकत्र धरायचे हे त्यांना भरवलेल्या मजकुरावरून ठरते. त्या मजकुरात मराठी थोडी, म्हणून मराठी वाक्याचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, आणि जिथे तुकड्यांवर पैसे मोजले जातात तिथे मराठीत विचारलेला तोच प्रश्न महाग पडतो. यात कुणाचा दुष्टावा नाही. कोष्टक ज्यांनी बनवले, त्यांनी त्यांच्यासमोर जे होते त्यावरून बनवले. आपण समोर नव्हतो, एवढेच.

आकुंचन दोन प्रकारचे असते. एकात काही हरवत नाही; गाठोडे सोडले की सगळे जसेच्या तसे. दुसऱ्यात नको ते टाकून देतात. फोटोतले डोळ्याला न जाणवणारे बारकावे असेच टाकलेले असतात. प्रश्न येतो तो 'नको ते' कोण ठरवतो इथे. आमच्या भागातले रोजचे उदाहरण देतो. उसाच्या बिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. वर्षानुवर्षे चालत आलेली पद्धत अशी, की कारखान्याचा सगळा खर्च एकत्र करून त्याची टनामागे सरासरी काढायची आणि ती सर्वांना सारखी लावायची. सरासरी म्हणजे आकुंचनच. हजारो शेतकऱ्यांची अंतरे एका आकड्यात दाबून बसवलेली. त्यात हरवते काय? कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेला शेतकरी साठ किलोमीटरवरच्या उसाचे भाडे भरतो, हे हरवते. कुणी म्हणेल, हीच तर सहकारातली एकी. असेलही, लांबच्या गरीब गावाला त्यामुळे आधार मिळत असेल तर मीही त्या बाजूने हात वर करीन. पण तो निर्णय उघड्यावर, सभेत झाला पाहिजे. एका आकड्याच्या पोटात लपून नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अनेक कारखान्यांत उसाची नोंद मोबाइलवर होते, क्रम संगणक लावतो. मी याचे मनापासून स्वागत करतो. पूर्वी चिटबॉयच्या मागे फिरावे लागे, गट ऑफिसात कुणाची ओळख काढावी लागे, टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एंट्री द्यावी लागे. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध शेतकऱ्याचा ऊस तुरा येऊन उभा राहिला आणि बांधापलीकडचा, दोन महिने नंतर लावलेला ऊस आधी गेला. त्याने विचारले तर 'प्रोग्राम वरून आलाय' एवढेच उत्तर मिळाले. लागणीच्या तारखेप्रमाणे यंत्राने क्रम लावला आणि तो जसाच्या तसा पाळला, तर अशा गोष्टी थांबतील. यंत्राला मामा-भाचे नसतात.

पण यंत्राला काय सांगितले आहे, हे कळले पाहिजे. 'वाहतूक कमीत कमी करा' असे सांगितले, तर ते आडबाजूच्या वस्तीवरचा एकटा फड शेवटी टाकील, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. 'साखर जास्तीत जास्त काढा' असे सांगितले, तर कमी उताऱ्याच्या उसाचा शेतकरी मागे पडेल. 'चाके थांबू देऊ नका' असे सांगितले, तर रात्री दोन वाजता टोळीला भरणीसाठी उठवले जाईल. यंत्र चुकत नसते. ते सांगितलेले तंतोतंत करते, आणि अडचण नेमकी तिथे असते. गणिताने उत्तर काढता येते. काय कमी करायचे आणि काय वाढवायचे हे मात्र माणसाने ठरवायचे असते. ते ठरवणारा माणूस 'कॉम्प्युटरने ठरवले' असे म्हणून पडद्याआड जाऊ लागला, की समजावे काहीतरी बिघडले आहे.

आणि इथे काल्थ्रॉपचा धडा आठवावा. त्याने पाच टनांची मर्यादा 'खर्च' म्हणून मांडली नाही. 'अट' म्हणून मांडली. खर्चाशी तडजोड होते, थोडा वाढला तर दुसरीकडे फायदा दाखवून तो झाकता येतो. अटीशी तडजोड नाही. बीडहून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड जोडपी, ज्यांना आपण माणूस म्हणून न मोजता 'एक कोयता' म्हणून मोजतो, त्यांची झोप, बाईच्या आजारपणातली सुट्टी, त्यांच्या लेकरांची शाळा, या गोष्टी आपल्या हिशेबात कुठे असतात? बहुतेक वेळा कुठेच नसतात. कारण त्यांचा रकानाच नसतो. आणि असल्या तरी खर्चाच्या रकान्यात असतात. त्या अटींच्या रकान्यात गेल्या पाहिजेत. रात्री ठराविक तासांत भरणी नाही, असे एकदा अट म्हणून लिहिले की यंत्र निमूटपणे त्या अटीच्या आतले उत्तर शोधेल. साखरेचा उतारा किंचित कमी होईल, वाहतूक थोडी वाढेल. किती, तेही यंत्रच सांगेल. प्रत्येक अटीची किंमत काढून देण्याची सोय या गणितात आहे. ती किंमत सर्वांसमोर ठेवावी आणि विचारावे, एवढे आपल्याला परवडते की नाही? मला खात्री आहे, की आकडा डोळ्यांसमोर आला तर 'नाही' म्हणायला फार थोडी माणसे धजावतील.

उजनीच्या पाण्यालाही हेच लागू आहे. आवर्तन कुणाला आधी, कालव्याच्या शेपटाकडच्या गावाला किती, सोलापूर शहराच्या पिण्यासाठी किती, हे सगळे ठिपक्यांचे, रेघांचे आणि अटींचेच गणित. त्यावर दरवर्षी मोर्चे निघतात, घोषणा होतात, पण अटींची यादी आणि मोजमापाचे सूत्र कुणी मागत नाही. घोषणेपेक्षा सूत्र मागणे जास्त अवघड जागी लागते, असा माझा अनुभव आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली, प्रत्येक कारखान्याने हंगामाच्या आधी तोडणीचा क्रम कोणत्या सूत्राने लागणार हे दहा ओळींच्या मराठीत लिहून गट ऑफिसच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे. काय कमीत कमी करायचे आहे, कुठल्या अटी मोडायच्या नाहीत, आणि क्रम बदलला तर कुणाच्या सहीने, एवढे त्यात असले की पुरे. दुसरी, क्रमाची यादी सर्वांना दिसावी. आपला नंबर जसा दिसतो तसा शेजाऱ्याचाही दिसावा. तिसरी मागणी शाळांकडे. आठवी-नववीच्या मुलांना आपल्या गावचा आलेख काढायला लावा, एसटीचा सर्वांत जवळचा मार्ग डाइक्स्ट्राच्या रीतीने शोधायला लावा, बचत गटाचा चटणी-भाकरीचा हिशेब मांडायला लावा. त्याला संगणक लागत नाही. खडू आणि फळा पुरतो.

शेतकऱ्याच्या पोराला हे जमेल का, असे विचारणारे मला नेहमी भेटतात. ज्या घरात बाई दोन घागरी पाण्यात स्वयंपाक, भांडी आणि जनावरे भागवते, त्या घरातल्या पोराला अपुऱ्या गोष्टीचे माप कसे घ्यायचे हे शिकवावे लागत नाही. त्याला फक्त त्याचे नाव सांगावे लागते, आणि हेही सांगावे लागते, की या विद्येच्या जोरावर उद्या गट ऑफिसात उभे राहून 'हे कुणाच्या फायद्याचे सूत्र आहे, ते दाखवा' असे विचारण्याचा त्याला हक्क आहे. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी निदान एका गावाने हा प्रश्न वार्षिक सभेत लेखी मांडून पाहावा.